अकराशे सत्तावीस नेम

आतला पट्टा पँटच्या लुपांतून ओवायचा, बाहेरचा पट्टा त्यावर चिकटवायचा आणि मग पोट आत घ्यायचं, अशा एकूण तीन पायऱ्या होत्या. सदानंद दांडेकरने पहिल्या दोन बिनचूक पार पाडल्या होत्या. तिसरीपाशी गेली वीस मिनिटं घोडं अडलं होतं.

"अहो, कंबर धरली का?" स्वयंपाकघरातून अनुपमाने विचारलं.

"स्टान्स आहे हा. गुडघे थोडे वाकवायचे, वजन चवड्यांवर, नाक बोटांच्या पुढे."

"कुणाच्या बोटांच्या?"

"स्वतःच्याच. पायाच्या. राजन म्हणाला."

"त्या राजनने जन्मात कधी पिस्तूल हातात धरलंय का?"

"त्याचा अभ्यास आहे," सदानंद म्हणाला. श्वास सोडायची सोय नसल्यामुळे तो एवढंच म्हणू शकला.

राजन म्हणजे दुबईतल्या अल बर्शा भागात दांडेकरांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारा शेजारी. माणूस एकदम हुशार. त्याचा दरवर्षी एका विषयाचा अभ्यास असायचा. गेल्या वर्षी वाळवंटातल्या ड्रायव्हिंगचा होता, आणि त्या अभ्यासाच्या जोरावर बिल्डिंगमधल्या दोन कुटुंबांच्या गाड्या वाळूत रुतून बसल्या होत्या. राजनची स्वतःची गाडी मात्र शाबूत राहिली, कारण तो ती कधी वाळूत नेतच नसे. यंदाचा विषय होता प्रॅक्टिकल शूटिंग, आणि यंदाचं कुटुंब दांडेकरांचं.

सोफ्यावर त्या अभ्यासाचं फळ मांडून ठेवलं होतं. पिस्तूल खोचायचं होल्स्टर, गोळ्यांची मॅगझिन ठेवायचे चार पाऊच, गोळीचा आवाज अडवणारे ब्लूटूथवाले कानाचे मफ, तीन रंगांच्या काचा बदलता येणारा चष्मा, घामाने हात निसटू नये म्हणून चोळायची पांढरी मलई, खिळ्यांचे बूट आणि गुडघ्यांचे पॅड. पिस्तूल तेवढं नव्हतं. ते क्लबचं, क्लबमध्येच मिळणार आणि क्लबमध्येच परत द्यायचं.

"केवढ्याला पडलं हे सगळं?"

"साडेबाराशे दिरहॅम."

"म्हणजे तीस हजार रुपये! तीस हजारांचा पट्टा, आणि त्यात खोचायला काय? लाटणं?"

अकरावीतली इरा खोलीतून बाहेर आली, बापाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट वेअर दॅट व्हेन माय फ्रेंड्स आर हिअर." आणि फ्रिजमधला ज्यूस घेऊन परत गेली.

आता चव्वेचाळीस वर्षांच्या, बऱ्यापैकी शहाण्या, परचेस खात्यात सोळा वर्षं काढलेल्या माणसाला ही अवदसा का आठवली, हे सांगायला हवं. सदानंदची कंपनी इमारतींमधल्या बाथरूमची कामं घ्यायची. मालकांची मुलगी एमान मॅडम यंदा कंपनीची प्रमुख झाली होती. मॅडम स्वतः पट्टीच्या नेमबाज. तेही एका जागी उभं राहून शांतपणे गोल चकतीवर नेम धरण्यातल्या नव्हे. या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये पुठ्ठ्याची लक्ष्यं आडोशांमागे उभी करतात, माणसाने धावत जायचं, प्रत्येक पुठ्ठ्यात दोन गोळ्या घालायच्या, पुढे पळायचं, आणि मागे एक पंच घड्याळ घेऊन धावत असतो. अशी एक हौशी मॅच मॅडमनी स्टाफसाठी ठेवली होती, एका शनिवारी, क्लबच्या रेंजवर.

आणि त्यानंतरच्या सोमवारी मॅडम जाहीर करणार होत्या की मुसफ्फाच्या नव्या यार्डावर कोण जाणार. सदानंद किंवा शार्दूल, दोघांपैकी एक. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध अख्ख्या ऑफिसात कुणीही जोडला नव्हता. तो सदानंदने जोडला. जो चांगला नेमबाज, तो मॅडमना जवळ हवासा वाटणार, जो जवळ हवा, तो दुबईत राहणार, उरलेला मुसफ्फाला. दोन अधिक दोन इतकं सरळ.

मुसफ्फा म्हणजे काही काळं पाणी नव्हे, अबू धाबीलगतचा इंडस्ट्रियल एरिया. पण तिथे जायचं म्हणजे पाच दिवस कंपनीच्या खोलीत राहायचं आणि शुक्रवारी घरी यायचं. सदानंदला धसका खोलीचा नव्हता. इरा दोन वर्षांनी बारावी होऊन कॉलेजला निघून जाणार होती, भारतात की कॅनडात ते तिचं तिलाच माहीत. पोरगी इंग्रजीत बोलायची, फोनकडे बघत जेवायची, बापाला काही विचारायची नाही. पण रोज रात्री जेवायची ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून. ही दोन वर्षं त्याला हवी होती. म्हणून पोट आत घ्यायची ही सगळी खटपट.

शार्दूल प्रतिस्पर्धी खरा, पण सदानंदचं मन मोठं. इंटरनॅशनल सिटीच्या स्वस्त वस्तीत तिघांत खोली करून राहणारा हा मितभाषी मुलगा सहा वर्षं त्याच्याच टेबलावर डबा खात होता. त्याला सल्ला देताना सदानंदने कधी हात आखडता घेतला नाही.

"होल्स्टर कुठलं घेतलंस?"

"क्लबचं मिळतं ना, दांडेकरसाहेब?"

"क्लबचं! अरे, कुणाच्याही कमरेला बसलेलं ते! आणि चष्मा? दुपारी पिवळी काच चालत नाही, सांगून ठेवतो. मॅगझिनचे पाऊच डाव्या बाजूला, पहिला बेंबीपासून चार बोटांवर."

"बरं," शार्दूल म्हणायचा आणि भाजी पुढे करायचा.

घोडं पुन्हा अडलं ते सरावापाशी. क्लबने सगळ्यांना एक दिवस बोलावून सुरक्षेचा वर्ग घेतला होता. बोट ट्रिगरबाहेर कसं ठेवायचं ते दोन तास घोटून घेतलं आणि दहा-दहा गोळ्या मारू दिल्या. सदानंदच्या दहांपैकी चार पुठ्ठ्याला लागल्या, त्यातली एक शार्दूलच्या पुठ्ठ्याला.

"हरकत नाही," राजन म्हणाला. "ड्राय फायर कर. सगळे मोठे नेमबाज तेच करतात. रोज संध्याकाळी, घरी, गोळी न घालता."

"पिस्तूल कुठाय?"

"पिस्तुलासारखं काहीतरी घे. मूठ पाहिजे, ट्रिगर पाहिजे. बाकी मनाचा खेळ आहे."

सदानंदने आधी बाथरूममधला हँड शॉवर घेऊन पाहिला. मूठ होती, खटका होता, पण नळी हॉलपर्यंत पोचेना. आणि ताणून पाहिली तेव्हा बाथरूम, पॅसेज आणि अनुपमाची वाळत घातलेली सिल्कची साडी असं तिन्हींचं शिंपण झालं. मग डिंकाची बंदूक झाली, इराच्या प्रोजेक्टमधली. तिचा खटका दाबला की सावकाश एक थेंब यायचा, त्याने काही जोश येईना. अखेर देव पावला तो ऑफिसच्या स्टोअरमध्ये.

तिथे मालाच्या खोक्यांवरचे बारकोड वाचायचा स्कॅनर होता. काळा, वजनदार, हातात धरला की मूठ जशी मापाने बनवलेली. खटका दाबला की लाल किरण, आणि बरोबर बारकोडवर पडला तरच आवाज, "टूं!" चुकला तर शुकशुकाट. म्हणजे नेम लागला की नाही हेही यंत्रच सांगणार! सदानंदला तिथल्या तिथे टाळी वाजवावीशी वाटली. त्याने रजिस्टरमध्ये 'तपासणीसाठी' असं लिहून सही केली, कचऱ्याच्या टोपलीतून जुन्या बारकोड स्टिकरांचं एक उरलेलं रीळ उचललं आणि दोन्ही वस्तू घरी आणल्या.

रीळ कमोडचं होतं. पांढरा, जमिनीवर बसवायचा, फ्लशसकट. पण नेमबाजाला त्याच्याशी काय करायचंय? त्याने नऊ स्टिकर लावले. एक पडद्यावर, एक फ्रिजवर, एक टीव्हीच्या कोपऱ्यात, एक कोथिंबिरीच्या कुंडीवर, बाकीचे जिथे अनुपमाचं लक्ष जाणार नाही तिथे. मग पट्टा चढवला, पोट आत घेतलं, स्कॅनर होल्स्टरमध्ये खोचला आणि राजनने मोबाईलवर 'स्टँडबाय' म्हणताच उपसला.

टूं. पडदा. टूं. फ्रिज. टीव्हीला तीनदा चुकला. टूं.

पहिल्या संध्याकाळी अकरा नेम लागले. चौथ्या दिवशी चाळीस. सातव्या दिवशी तो सोफ्याला वळसा घालून, गुडघ्यावर सरकत, डायनिंग टेबलाखालून पडदा मारायला लागला. अनुपमाने एकदा फोडणी देता देता मागे वळून पाहिलं, तर नवरा ओट्याच्या कडेला टेकून कुकरच्या दिशेने एक डोळा मिटून उभा.

"त्या कुकरलाही चिकटवलंत?"

"हलणारं लक्ष्य हवं होतं. शिट्टी होताना तो थरथरतो."

स्कॅनर अर्थात घरी कशालाच जोडलेला नव्हता, हे सदानंदला पक्कं माहीत होतं. ऑफिसचं वायफाय ऑफिसात. त्याला जे माहीत नव्हतं ते असं, की हे शहाणं यंत्र टिपलेलं सगळं पोटात साठवून ठेवतं आणि चार्जिंगच्या खोबणीत बसवलं की एका दमात ओकून टाकतं. आणि सदानंद प्रामाणिक माणूस. दुसऱ्याची वस्तू चार्ज करूनच ठेवावी हे आईचं वळण. रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या, चहाच्याही आधी, तो स्कॅनर खोबणीत बसवायचा.

स्कॅनर मागणीवर लावलेला होता. एक टूं म्हणजे एक नगाची मागणी, थेट सप्लायरकडे.

मध्ये कुणाची सही लागत नाही का? लागायची. मागच्याच वर्षी सदानंदने एक तासभर प्रेझेंटेशन देऊन ती काढून टाकली होती. रोजच्या वापराच्या मालासाठी माणसांनी सह्या करत बसायचं म्हणजे मागासलेपणा, दिवसाला दीडशे नगांपर्यंत सिस्टिमने आपलं आपण मागवावं, असा त्याचा मुद्दा होता. बाथरूमवाल्या कंपनीत कमोड म्हणजे रोजचं मीठ-मिरची. तेराव्या संध्याकाळी सदानंदने एकशे अठ्ठेचाळीस नेम मारले आणि दमून थांबला. अजून तीन मारले असते तर सही लागली असती. पण माणसाची धाव तरी किती!

सावध व्हायची एक संधी त्याला मिळाली होती, खोटं कशाला बोला. दुसऱ्या आठवड्यात कमोडचे सप्लायर नीरवभाई यांचा फोन आला. सदानंद तेव्हा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होल्स्टरचा कोन किती अंशांचा असावा हे वाचत होता.

"सदानंदभाई, काँग्रॅच्युलेशन! मोठा प्रोजेक्ट दिसतोय. माल असाच चालू ठेवू ना?"

"चालू ठेवा, चालू ठेवा," सदानंद म्हणाला. नजर पंधरा अंशांवर.

"रेट खास लावलाय तुमच्यासाठी. पण भाई, या रेटला रिटर्न नाही हां."

"यल्ला, चला नीरवभाई, नंतर बोलू."

शनिवार उजाडला. रेंजवर मॅडम आल्या, अकाऊंट्सवाले आले, शार्दूल आला, साधा टी-शर्ट आणि क्लबचा पट्टा लावून. सदानंद गाडीतून उतरला तेव्हा सगळे माना वळवून पाहू लागले. पट्टा, चार पाऊच, गुडघ्यांवर पॅड, डोळ्यांवर पिवळी नव्हे अशी काच, हातांना पांढरी मलई. चालताना खिळ्यांच्या बुटांचा सिमेंटवर कडकडाट होत होता.

"माशाल्ला!" एमान मॅडम म्हणाल्या. त्यांचं हिंदी फर्डं होतं. "सदानंदभाई, आप तो पूरे प्रोफेशनल निकले!"

सदानंदच्या छातीत अल बर्शाचं घर मावेनासं झालं. शार्दूलचा नंबर आधी लागला. त्याने काही गाजावाजा न करता धावून, मारून, पिस्तूल रिकामं करून दाखवलं आणि बाजूला येऊन पाणी प्यायला. बरं मारलं होतं त्याने. मग पंचाने सदानंदला पुढे बोलावलं.

"आर यू रेडी?" पंच म्हणाला. "स्टँडबाय..."

आणि घड्याळ वाजलं. "टूं!"

आता तेरा संध्याकाळी 'टूं' याचा अर्थ एकच होता, नेम लागला. सदानंदच्या अंगाने तो अर्थ घेतला. डोकं मागून आलं. पहिला पुठ्ठा झाला असं समजून, पिस्तूल न काढताच, तो समाधानाने दुसऱ्याकडे वळला. लोकांचा गलका ऐकून त्याला चूक कळली. त्याने पिस्तूल काढलं, दुसऱ्या पुठ्ठ्यावर नेम धरला, गोळी झाडली. मधोमध लागली, हो! पण तो तसाच उभा राहिला, कान टवकारून. टूं कुठे आहे?

"सर, मूव्ह, मूव्ह," पंच पुटपुटला.

टूं आल्याशिवाय पुढे जायचं पाय ऐकेनात. चार सेकंद, पाच सेकंद. मग कसाबसा तिसरा पुठ्ठा. एकच गोळी, पुन्हा मधोमध, पुन्हा वाट. प्रत्येकी दोन घालायच्या हे पडद्याने आणि फ्रिजने त्याला शिकवलंच नव्हतं. तो चौथ्या पुठ्ठ्यापाशी पोचला, आणि तेवढ्यात कानात खरंच वाजलं. "टूं!"

सदानंदला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"साहेब, म्हादू बोलतोय, यार्डावरनं."

ब्लूटूथवाल्या मफमध्ये फोन आपोआप उचलायची सोय राजनने करून दिली होती, कारण त्याच्या अभ्यासात ती शेवटच्या पानावर होती. महादू हा मुसफ्फाच्या यार्डावरचा, कंपनीचा नवा माल उतरवून घेणारा माणूस, सांगलीकडचा, आवाज शिवारात हाक मारायचा.

"साहेब, कमोड आल्याती. कुठं ठेवू?"

"आत्ता नको!" सदानंद ओरडला.

पंच दचकला. "नॉट नाऊ? सर, टाइम इज रनिंग."

"आता नको कसं साहेब? तीन ट्रक हाईत. शेड भरली. रस्त्यावर लाइन लागलीय, पलीकडचा वर्कशॉपवाला शिव्या घालतोय."

"मागे घे! सगळे मागे घे!"

सदानंद पिस्तूल समोर रोखून, मान न वळवता गरजला. पंच मराठी नव्हता, पण आवाजातली तळमळ त्याला समजली. तो दोन पावलं मागे सरला. त्याच्यामागे स्कोअर लिहिणारा सरला. त्याच्यामागे अकाऊंट्स खातं सरलं. सदानंदने बोट ट्रिगरबाहेर काढलं, पिस्तूल जसं शिकवलं तसं रिकामं करून दाखवलं, टेबलावर ठेवलं आणि हात वर केले. आठांपैकी दोन पुठ्ठे, दोन गोळ्या, एक मिनिट बावन्न सेकंद. सगळ्यांत शेवटचा नंबर, आणि त्याच्या वरच्या नंबरात नि त्याच्यात रान मोकळं.

"सदानंदभाई, ठीक तो है?" मॅडम जवळ आल्या होत्या.

उत्तर द्यायच्या आत फोन पुन्हा वाजला. या वेळी महादूने व्हिडिओ लावला होता, आणि मफच्या भानगडीत मोबाईल सदानंदच्या हातात सरळ मॅडमसमोर आला. पडद्यावर मुसफ्फाचं यार्ड होतं. शेडमध्ये कमोड, शेडबाहेर कमोड, कुंपणाला लागून चार ओळी कमोड, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, उन्हात चमचमणारे. एकावर महादू स्वतः बसला होता, घाम पुसत.

"अकराशे सत्तावीस, साहेब. दोनदा मोजले."

"ये क्या है?" मॅडमनी विचारलं.

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. सदानंद तोंड उघडणार, एवढ्यात महादूने पावती पडद्यासमोर धरली. मागणी करणारा: एस. दांडेकर. मागणीच्या तारखा आणि नग. पहिल्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी चाळीस. तेराव्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस.

हे आकडे सदानंदला पाठ होते. रोज रात्री तो ते अनुपमाला अभिमानाने सांगत असे. त्याच्या पायाखालची वाळू, खिळ्यांचे बूट असूनही, सरकली. त्याने मग सगळं सांगून टाकलं. स्कॅनर, रीळ, पडदा, फ्रिज, कुकरसुद्धा. सांगताना हिंदी संपलं तेव्हा मराठीत सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या.

"ग्यारह सौ सत्ताईस," त्या शेवटी हळूच म्हणाल्या. "तेरह दिन में. चलते-चलते?"

"कधी गुडघ्यावर, मॅडम."

"मंडे को केबिन में आइए. शार्दूल को भी लाइए."

रविवारी सदानंदने नीरवभाईंना सतरा फोन केले. नीरवभाई फार प्रेमाने बोलले, भाभींची चौकशी केली, आणि रिटर्न नाही म्हणाले.

सोमवारी केबिनमध्ये दोघे उभे राहिले. सदानंद रात्रभर जागा होता. शार्दूलही काही झोपलेला दिसत नव्हता. मॅडमनी ड्रॉवरमधून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"पढ़िए."

सदानंदने वाचलं. मुसफ्फा यार्डाचे प्रमुख म्हणून श्री. शार्दूल यांची नेमणूक. खाली मॅडमची सही. तारीख बुधवारची, म्हणजे मॅचच्या तीन दिवस आधीची. त्याला दोनदा वाचावं लागलं. मग इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. वाचलो! इरा वाचली! म्हणजे, इराची दोन वर्षं वाचली!

"लेकिन मॅडम, मॅच..."

"मॅच तो पिकनिक थी," मॅडम म्हणाल्या. "शार्दूलने खुद माँगा था मुसफ्फा. उसकी वाइफ अबू धाबी में है."

सदानंदने शार्दूलकडे पाहिलं. शार्दूल पत्राकडे पाहत होता, मिठाईच्या दुकानाची काच बंद होताना पोरगं पाहतं तसा. कारण मॅडमनी ते पत्र आता उचललं होतं, आणि शांतपणे उभं फाडून दोन तुकडे केले होते.

"अब प्रॉब्लेम ये है," त्या म्हणाल्या, "वहाँ एक ही केबिन है, एक ही पोस्ट है, और ग्यारह सौ सत्ताईस कमोड हैं. जिसने मँगाए, वही बैठके निकालेगा. आखिरी पीस जाने तक. खलास."

"अपना कितना जाता है मॅडम, महीने का?" सदानंदने विचारलं. विचारायची गरज नव्हती. परचेस खात्यात सोळा वर्षं काढल्यावर हा आकडा झोपेतही सांगता यायचा. महिन्याला सत्तेचाळीस कमोड. भागाकार त्याने तिथेच उभ्या उभ्या केला आणि उत्तर आलं चोवीस महिने. इरा विमानात बसेल त्या आठवड्यात तो घरी परत येणार होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये शार्दूल भिंतीला टेकून उभा होता.

"ममता नर्स आहे तिथे, दांडेकरसाहेब," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. दर शुक्रवारी बस पकडतो."

"अरे, मग बोलायचं नाही का मला?"

शार्दूलने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सदानंद घरी आला आणि बूट न काढता सोफ्यावर बसला. अनुपमाने पाणी दिलं. इरा दारात येऊन उभी राहिली, "मुसफ्फा?" एवढंच तिने विचारलं, आणि त्याने मान हलवल्यावर फोन बाजूला ठेवून त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं तसं सदानंदला अगदीच राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं, पत्राच्या तारखेसकट, चोवीस महिन्यांसकट.

अनुपमाने रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "म्हणजे शार्दूलला तिकडेच जायचं होतं."

"हो."

"आणि तुम्हाला इकडेच राहायचं होतं."

"हो."

"सहा वर्षं एका टेबलावर डबा खाता ना तुम्ही?"

"खातो."

"त्याची बायको अबू धाबीत आहे हे तुम्हाला आज कळलं?"

"आजच," सदानंद म्हणाला.

"अहो, मग बोलत काय होतात रोज?"

सदानंदने आठवून पाहिलं. गेल्या दोन महिन्यांतली एकेक दुपार, एकेक डबा, पुढे केलेली एकेक भाजी. आपण त्या मुलाला विचारलेला एखादा तरी प्रश्न आठवतो का, ते त्याने मनापासून शोधलं.

"पट्ट्याबद्दल," तो म्हणाला.